खडकांवरचं झाकण

साहेब म्हणाले, "तुम्ही अकरा वर्षं तिच्या शेजारी बसलात, तेव्हा निरोपाचे चार शब्द तुम्हीच बोला. लिहून आणा म्हणजे भरकटणार नाही. आणि चांगलं चांगलंच लिहा." म्हणून लिहायला बसलोय. आता चांगलं चांगलं किती जमेल देव जाणे. जिच्याबद्दल लिहायचंय, तिने कधी कुणाबद्दल चांगलं चांगलं बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

आमची खोली बंदराच्या कचेरीच्या दुसऱ्या मजल्यावर आहे. काम एकच. समुद्रावर कोण येतं, कोण जातं, कोण मध्येच थांबतं आणि का थांबतं, ते बघत बसायचं. खोलीला समुद्राच्या बाजूने चार मोठ्या खिडक्या आहेत आणि चारही खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला आहे, कारण उजेड पडद्यांवर पडतो. म्हणजे दिवसभर समुद्र बघायला नेमलेल्या माणसांना समुद्र दिसत नाही. नवीन माणूस पहिल्या दिवशी यावर हसतो, दुसऱ्या दिवसापासून विसरून जातो.

टेबलं दोन, पडदे दोन. तिच्या पडद्यावर ठिपके. मासेमारीच्या प्रत्येक होडीवर एक सीलबंद खोकं बसवलेलं असतं. ते दर पाच मिनिटांनी होडीचा नंबर आणि जागा कळवतं, तोच ठिपका. माझ्या पडद्यावर रडार. रडारला नंबर-बिंबर काही कळत नाही, त्याला एवढंच कळतं की इथे काहीतरी आहे. माझी खूण आणि तिचा ठिपका एकावर एक बसले की सगळं ठीक. माझ्याकडे खूण आहे आणि तिच्याकडे ठिपका नाही, म्हणजे कुणीतरी न सांगता फिरतंय. अकरा वर्षं आम्ही दोघं हेच बोलत आलो.

"काका, तुमच्याकडे आहे का?"

"आहे."

"माझ्याकडे नाही."

की लगेच गस्तीची लाँच सुटायची. मी तिच्यापेक्षा फक्त नऊ वर्षांनी मोठा आहे, काका म्हणण्याइतका नक्कीच नाही. पण सांगून सांगून मी दमलो, ती काही दमली नाही.

तिचं टाचणी हे नाव आम्हीच ठेवलं. भिंतीवर एक जुना कागदी नकाशा आहे, पडदे यायच्या आधीचा. ज्या होडीबद्दल मनात पाल चुकचुकली, तिच्या जागी ही त्या नकाशात टाचणी खुपसायची. नकाशाची चाळण झाली होती. आणि नकाशापुरतं असतं तर ठीक, पण बाईचा विश्वास कशावरच नव्हता. लिफ्ट दुरुस्त करायला माणूस आला तर त्याचं ओळखपत्र बघायची, मग त्याच्या कंपनीला फोन करायची, मग फोनवर बोलणाऱ्याचं नाव लिहून घ्यायची. एकदा आमच्यातल्या एकाने मुलगी पास झाली म्हणून चॉकलेटं वाटली. हिने चॉकलेट हातात धरून विचारलं, "कशात पास झाली? निकाल तर पुढच्या आठवड्यात आहे." तो पठ्ठ्या गोरामोरा झाला. त्याला रजा हवी होती म्हणून साहेबांना खूश करायचं चाललं होतं. लग्नाचं कुणी विचारलंच तर म्हणायची, "तिघांची चौकशी केली, तिघंही नापास."

हे सगळं तिच्या अंगात वडिलांकडून आलं. वडील होडीवाले. ही सात-आठ वर्षांची असताना होडीच्या टोकाशी बसायची, आणि लांबून येणारी होडी कशी डुलते यावरून कोण येतंय, भरून येतंय की रिकामं, ते सांगायची. नजर हिची, पण होडी मिळाली भावाला. भाऊ तिच्यापेक्षा बारा वर्षांनी धाकटा. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता. हिने आणि आईने मिळून त्याला वाढवलं. त्याच्या परवान्याचे अर्ज हिने भरले, आणि त्याच्या होडीवर खोकं बसवलं त्या दिवशी सील नीट लागलं की नाही ते हिने स्वतः दोनदा ओढून बघितलं. सख्ख्या भावावरही मेहेरबानी नाही. पण त्याचं नाव निघालं की तिचा आवाज जरा मऊ व्हायचा, हे मी ऐकलेलं आहे.

आता झाकणाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

बंदराच्या दक्षिणेला पाण्यात खडक आहेत. वारा सुटला की त्यांच्यावर लाटा फुटतात, आणि रडारला वाटतं होड्याच होड्या आल्या. मग यंत्र केकाटत सुटतं. त्यावर उपाय म्हणून पडद्यावर तेवढ्या तुकड्यावर झाकण टाकता येतं. झाकलेल्या तुकड्यात काहीही आलं तरी यंत्र ते दाखवतही नाही आणि ओरडतही नाही. नियम असा की झाकण फक्त खडकांपुरतं टाकायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ड्यूटी संपताना काढायचं. सहा महिन्यांपूर्वी वाऱ्याचे दिवस होते, माझी मान धरली होती आणि यंत्र काही केल्या गप्प बसेना. मी वैतागून झाकण टाकलं. हात सैल सोडून टाकलं, खडकांच्या तिप्पट. रजिस्टर उद्या लिहू म्हटलं. खोलीत शांतता झाली आणि मी ते विसरलो. साफ विसरलो.

खडकांच्या मागे समुद्राच्या तळातून मोठी केबल गेलेली आहे. तिथे नांगर टाकायला, जाळं ओढायला, नुसतं थांबायलाही बंदी आहे. कुणी जात नाही म्हणून मासळी मात्र तिथे भरपूर. आणि तो सगळा पट्टा माझ्या झाकणाखाली आला होता.

दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी मला एकट्याला आत बोलावलं. दार लावून घेतलं. केबलची देखभाल करणाऱ्या जहाजाने कळवलं होतं की पट्ट्यात तुटकी जाळी आणि बर्फाची रिकामी खोकी तरंगताना दिसतात. लाँच दोनदा जाऊन आली, हाती काही लागलं नाही.

"आपल्या पडद्यावर काहीच नाही, आणि तिथे तर माणसं येऊन जातात," साहेब म्हणाले. "म्हणजे आपण कुठे बघतो, कुठे नाही, हे कुणीतरी बाहेर सांगतंय. आतलंच माणूस आहे."

"कोण असेल?"

"तिचा भाऊ होडीवाला आहे ना?"

खोटं कशाला सांगू, मला ते लगेच पटलं. अकरा वर्षं जिने साऱ्या जगावर संशय घेतला, तिच्यावर संशय घ्यायची पाळी आली तर मन कसं सुखावतं, ते मी अनुभवलं. साहेब म्हणाले, "लक्ष ठेवा." मी त्याच संध्याकाळी एक छोटी डायरी घेतली.

आणि बघावं तिकडे पाणी मुरताना दिसायला लागलं. ती एका शाळकरी वहीत पेन्सिलीने काहीतरी लिहायची आणि मी मान वळवली की वही मिटायची. खणाला कुलूप लावायची, पूर्वी कधी लावत नसे. जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा टाकून गच्चीवर जायची. एकदा मीही मागून गेलो, रुमाल वाळत घालायचं निमित्त करून. ती फोनवर दबक्या आवाजात बोलत होती, "खोकं कुठेय? दुरुस्तीला म्हणजे कुणाकडे? फोटो पाठव. आत्ताचा." मला बघितल्याबरोबर फोन बंद. म्हणाली, "काका, एवढासा रुमाल वाळवायला तुम्ही तीन जिने चढलात?" मी म्हटलं, "डॉक्टरांनी चालायला सांगितलंय." दोघांनाही दुसऱ्याचं खोटं कळलं आणि दोघंही खाली येऊन मुकाट कामाला लागलो.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ती मला खडकांबद्दल विचारायला लागली. एकदा नाही, आठवड्यात तीनदा.

"काका, खडकांच्या मागे तुमच्याकडे काही दिसतं का?"

"नाही हो. खडक आहेत तिथे, दुसरं काय असणार?"

"नीट बघितलंत?"

"मग काय डोळे मिटून बसलोय?"

हिला एवढी चौकशी कशाला, तर भावाला कळवायला, असं मी डायरीत लिहिलं. तारखेसकट लिहिलं. पडद्यावर झाकणाची एक बारीक राखाडी रेघ असते. तीनही वेळा ती माझ्या नाकासमोर होती. इतके महिने रोज बघून ती मला दिसेनाशी झाली होती.

मग एका बुधवारी ती साहेबांकडे गेली आणि किल्ली खणालाच राहिली. मी वही काढली. पानंच्या पानं भरलेली. वर दोन होड्यांचे नंबर, एक तिच्या भावाचा, दुसरा त्याच्या एका दोस्ताचा. खाली नुसते आकडे. बारा. तेरा. बारा. अकरा. बारा. बारा. मला वाटलं, सांकेतिक भाषा आहे, लाँचच्या वेळा असणार. शेवटपर्यंत चाळायला सवड नव्हती, पावलं वाजली. वही जागेवर ठेवली आणि संध्याकाळी साहेबांना सगळं सांगितलं. साहेब म्हणाले, "शुक्रवारी तिला समोर बसवू."

शुक्रवार यायच्या आधी गुरुवार आला. अकरा वाजता वारा फिरला. एक वाजेपर्यंत होड्या परतल्या. दोन वाजता तिच्या आईचा फोन आला, भाऊ अजून घरी आला नाही आणि फोनही लागत नाही. साहेब खोलीतच होते. त्यांनी तिच्या पडद्यावर वाकून बघितलं आणि म्हणाले, "हा काय तुमच्या भावाचा ठिपका. धक्क्याला लागलाय. आईंना सांगा, येईल इतक्यात."

ती उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण आवाज कामावरचा होता.

"साहेब, तो ठिपका आहे, पण भाऊ तिथे नाही."

"म्हणजे?"

"हे दोन ठिपके बघा. भावाचा आणि त्याच्या दोस्ताचा. मोठं करून बघा. मधलं अंतर बारा मीटर. सकाळी निघताना बारा, लाटेत बारा, वळताना बारा. दोन होड्या वळताना असं अंतर कधी राहत नाही. दोस्ताची होडी चौदा मीटरची आहे. खोकी दोन्ही तिच्यावरच आहेत, एक पुढे आणि एक मागे."

आकड्यांची सांकेतिक भाषा म्हणजे ही होती तर.

"किती दिवस झाले हे कळून?" साहेबांनी विचारलं.

"तेवीस."

"तेवीस दिवस तुम्ही गप्प?"

"पक्का पुरावा हवा होता." मग तिने मान खाली घातली. "नाही साहेब. पुरावा पहिल्याच आठवड्यात होता. माझ्याने बोलवेना."

"मग तो आहे कुठे?"

"केबलच्या पट्ट्यात, खडकांमागे. दुसरीकडे कुठे खोकं लपवून जायची गरजच नाही." आणि ती माझ्याकडे वळली. अकरा वर्षांत हजारदा विचारलेलाच प्रश्न तिने विचारला. "काका, तुमच्याकडे आहे का?"

मी पडद्याकडे बघितलं आणि नेहमीसारखा 'नाही' म्हणालो. म्हणालो आणि पुन्हा पडद्याकडे बघितलं. बाहेर वारा एवढा की काळ्या कागदामागे काचा थडथडत होत्या. तीन-तीन मीटरच्या लाटा. अशा दिवशी खडक यंत्राला जीव नकोसा करतात. आणि माझ्या पडद्यावर दक्षिणेला एक खूण नव्हती. पाटी कोरी.

तेव्हा मला ती राखाडी रेघ दिसली.

मी झाकण काढलं. यंत्राने टाहो फोडला. एकदम तीसेक खुणा उमटल्या. मला तर काहीच सुधरेना. तिने मला खांद्याने बाजूला सारलं आणि माझ्या खुर्चीत बसली. कुठली खूण हलत नाही ते बघत बसली. जी हलत नाही तो खडक. दीड मिनिट तिने पापणी लववली नाही. मग काचेवर बोट ठेवलं. "हा. वाहत चाललाय. खडकांकडेच." साहेबांनी लाँचला जागा सांगितली.

लाँच पोचली तेव्हा होडीत कमरेएवढं पाणी होतं. पंख्यात जाळं अडकून इंजिन बंद पडलेलं. भाऊ आणि त्याचा खलाशी डोलकाठीला धरून उभे होते. खलाशी धडधाकट, भावाचा हात दोन ठिकाणी मोडला. अजून वीस मिनिटं गेली असती तर मी निरोपाचं नाही, दुसरंच काहीतरी लिहीत असतो.

ते सुखरूप असल्याचं कळल्यावर साहेबांनी पडद्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे झाकण कुणी टाकलं होतं? रजिस्टरमध्ये तर नाही." ती माझ्याकडे बघत होती. माझी पाचावर धारण बसली होती. मी म्हणालो, "यंत्राने आपोआप घेतलं असेल." यंत्र असं काही आपोआप घेत नाही. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, साहेबांना माहीत नव्हतं. ती काही बोलली नाही. साहेबांनी अहवालात तांत्रिक बिघाड लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेलो. कशाला गेलो, तर चेहरा दाखवायला. दाराशी पोचलो आणि आतलं बोलणं ऐकून तिथेच थांबलो.

"तुला कुणी सांगितलं तिथे दिसत नाही म्हणून?" ती विचारत होती.

"ताई, अख्ख्या धक्क्याला माहीत आहे," भाऊ म्हणाला. "समोरच्या न्हाव्याकडे तुमच्यातलेच कुणीतरी बोलले. मी तिथे नव्हतो, मला दोस्ताने सांगितलं. खडकांचा आवाज कायमचा बंद करून टाकला म्हणे."

एका आड एक शनिवारी त्या दुकानात केस कापून घेणारा आमच्या खोलीतला माणूस एकच आहे. मला ते वाक्य शब्दन्शब्द आठवलं. गळ्याभोवती टॉवेल होता, मानेवर मालिश चालू होती, आणि मी मोठ्या तोऱ्यात सांगत होतो की यंत्राला कसं गप्प केलं. मागच्या बाकावर तीन माणसं वर्तमानपत्रं वाचत बसली होती. आतलं माणूस आतलं माणूस म्हणून मी ज्याला दोन महिने डायरीत शोधत होतो, ते मीच होतो.

ती बाहेर आली आणि बाकावर माझ्या शेजारी बसली. पिशवीतून ती वही काढली, शेवटचं पान फाडून माझ्या हातात दिलं. मी चाळायचं राहिलेलं पान. वर लिहिलं होतं, 'काका'. खाली तारखा. 'केस कापले.' 'खडकांचं विचारलं, नाही म्हणाले, नजर चुकवली नाही.' 'पुन्हा विचारलं, चिडले.' 'गच्चीवर मागे आले, रुमाल कोरडाच होता.'

"मला वाटलं, तुम्ही त्यांना सामील आहात," ती म्हणाली. "रडारवर होडी दिसतेय आणि तुम्ही मुद्दाम नाही म्हणताय."

"मग साहेबांना का नाही सांगितलंस?" अकरा वर्षांत पहिल्यांदा मी तिला एकेरी बोललो.

"तुमचं सांगितलं असतं तर त्याचंही सांगावं लागलं असतं." तिने वही परत पिशवीत टाकली. "मी पहिल्या दिवशी बोलले असते तर त्याचा परवाना गेला असता, हात शाबूत राहिला असता. आता दोन्ही गेलं. आई मला काही म्हणत नाही. ती म्हणाली असती तर बरं झालं असतं."

मला रडू आलं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "माझी कशाला मागताय?" आणि आत निघून गेली.

शनिवारी तिने राजीनामा दिला. तेवीस दिवस माहिती दडवली, असं स्वतःच्या हाताने लिहून दिला. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. साहेब हळहळले, म्हणाले बाई सज्जन आहे, निदान निरोप तरी नीट देऊ. आणि मला म्हणाले, तुम्ही बोला.

उद्या तीन वाजता सगळे जमतील. ती पहिल्या रांगेत बसेल, शेजारी आई, आणि हात गळ्यात बांधलेला भाऊ. मी कागद उघडला की ती डोळे बारीक करून बघेल. मी चांगलं चांगलं बोलायला लागलो तर या माणसाच्या मनात आहे तरी काय, असा तिला संशय येईल, आणि तो रास्तच असेल.

साहेब, तिच्याइतकी नजर या खोलीत पुन्हा येणार नाही, हे चांगलं. तिने भावासाठी तेवीस दिवस तोंड मिटलं, हे वाईट, आणि ते तिने स्वतः सांगितलं. मी सहा महिने झाकण ठेवलं, न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्याची बढाई मारली, तिच्यावर पाळत ठेवली आणि शेवटी यंत्रावर ढकललं. तिने फाडून दिलेलं पान या कागदांना मागे टाचलेलं आहे, माझी डायरीही सोबत आहे. अहवालात तांत्रिक बिघाड लिहिलंय ते खोडा. तिथे माझं नाव लिहा.